कटाईतल्या गैरहजर बायका

काजूची बी कापणाऱ्या बाईची बोटं कधी जवळून बघितलीत का? टरफलात एक तेल असतं, काळं आणि चिकट. ते लागलं की कातडी भाजते, काळी पडते आणि मग पापुद्र्यासारखी निघते. कामाला बसण्याआधी आम्ही हातांना खोबरेल चोळायचो आणि वरून चुलीतली राख. तेवढ्याने थोडंफार निभायचं. हातमोजे दिले होते, दिले नाहीत असं मी म्हणणार नाही. पण मोजे घातले की बी निसटते, आणि बी निसटली की पातं बोटावर येतं. म्हणून मोजे खुंटीला आणि राख हाताला, ही सगळ्या जणींची रीत.

कारखाना आचऱ्याच्या रस्त्याला. आधी तो गावातल्याच एका शेठचा होता. शेठ काही फार गुणाचा नव्हता, सुट्टी मागितली की तोंड वाकडं करायचा. पण सकाळी दारात वही घेऊन स्वतः बसायचा आणि तोंडाकडे बघून नावापुढे खूण करायचा. पुढे त्याने कारखाना मुंबईच्या एका कंपनीला विकला. भिंतींना रंग लागला, आम्हाला निळे एप्रन मिळाले आणि कोल्हापूरकडचा एक तरुण मॅनेजर आला. बोलायला गोड. त्याने आम्हाला गोळा करून सांगितलं, "ज्यांची मार्चपर्यंतची हजेरी पूर्ण भरेल, त्यांना कंपनी कायम करणार."

कायम म्हणजे काय, ते सांगते. बी संपली की कारखाना महिना-दोन महिने बंद राहायचा. परत उघडला की ज्यांना बोलावणं येईल त्यांनी यायचं. मी तेव्हा पन्नाशी ओलांडलेली, अकरा वर्षं कटाईवर. या वयाच्या बाईला एकदा घरी बसवलं तर परत कोण बोलावतो? नवऱ्याचं होडीवर जाणं कंबरेच्या दुखण्याने सुटलेलं. कायम झाले असते तर नाव तरी राहिलं असतं. म्हणून त्या वर्षी एक दिवस चुकवायचा नाही असं ठरवलं. नणंदेच्या मुलीच्या लग्नालाही गेले नाही. नणंद अजून त्यावरून टोमणा मारते.

गणपतीची सुट्टी संपवून आलो तर दारात वही नाही, भिंतीवर मशीन. अंगठा ठेवायचा, मशीन "थँक यू" म्हणणार, झाली हजेरी. पुण्याहून एक माणूस आला होता, त्याने सगळ्यांचे अंगठे नोंदवून घेतले. सुट्टीत दहा-बारा दिवस आमचे हात तेलापासून लांब होते, नवी कातडी आलेली होती. त्याच्या लक्षात आलं नाही, पण आमच्या तरी यायला हवं होतं. आम्ही उलट हसत-खिदळत अंगठे दिले.

चार दिवस मशीन बरं बोललं. पाचव्या दिवशी माझा अंगठा ठेवल्यावर म्हणालं, "प्लीज ट्राय अगेन." मी तो पदराला पुसून परत ठेवला. परत तेच. मागे माझी कटाईतली शेजारीण उभी होती, माझ्याजवळ बसून कापणारी.

"तोंड दाखय गो तेका," ती म्हणाली, "वळाकतला कदाचित."

आठवड्याभरात कटाईतली एकही बाई मशीनला ओळखू येईना. पलीकडच्या खोलीत कोरडा पांढरा गर निवडणाऱ्या बायका होत्या, त्यांना मात्र रोज थँक यू. मॅनेजर म्हणाला, "मावशी, हात स्वच्छ धुऊन या." लिंबू लावलं, माती लावली, रॉकेलने धुतले. "साहेब, हा मळ नाही, कातडीच गेलीय," म्हटलं. तो म्हणाला, "मी वर कळवलंय. तुम्ही कामाला लागा."

लागलो. मजुरी वजनावर असायची, ती थांबली नाही, म्हणून बऱ्याच जणी गप्प राहिल्या. महिना संपल्यावर फळ्यावर यादी लागली. कटाईच्या बायकांपुढे पहिले काही दिवस सोडले तर सगळीकडे गैरहजर. शेजारीण तिथेच कमरेवर हात ठेवून उभी राहिली. "आमी येवक नाय, तर मगे ही बी कापल्यान कोणी? देवचारान? भुतान?"

मॅनेजर हसला. मला हसू आलं नाही. मी त्याला म्हटलं, रोज संध्याकाळी प्रत्येकीचा माल तिच्या नावावर तोलून लिहिला जातो, त्या वहीत माझं नाव रोज आहे, उघडून बघा. तो म्हणाला, "ते उत्पादन खातं, मावशी. हजेरीचं खातं वेगळं, कॉम्प्युटर वेगळा." म्हणजे मी कापलेला गर कंपनीला पोचत होता आणि मी पोचत नव्हते.

त्याच्याकडून मुंबईचा नंबर घेऊन बूथवरून फोन केला. एक दाबा, दोन दाबा करत एका मुलीने तक्रारीचा क्रमांक दिला. पुढच्या आठवड्यात दुसरी मुलगी म्हणाली, असा क्रमांकच नाही. तिच्यावर तरी काय ओरडायचं?

मधेच शेजारीण तापाने आठ दिवस घरी होती. परत आली, अंगठा ठेवला, मशीन म्हणालं थँक यू. ती माझ्याकडे वळली. "बगलंस? घराक रवलंय तर वळाकता, कामाक इलंय तर नाय."

जानेवारीत पुण्याचा माणूस परत आला. माणूस वाईट नव्हता. माझा हात हातात घेऊन त्याने उजेडात धरला आणि म्हणाला, "तुम्हाला रेषाच राहिल्या नाहीत हो." दहाही बोटं लावून बघितली. शेवटी शेजारीण वैतागून म्हणाली, "पायाचो आंगठो रवलो आसा, तो लावू?"

आम्ही सगळ्या हसलो. तो हसला नाही. विचार करून म्हणाला, "तसं चालेल." आणि मॅनेजर लगेच म्हणाला, "आपण स्टूल ठेवू. मागचे दिवसही भरून घेता येतील."

मशीन छातीच्या उंचीवर. दुसऱ्या दिवशी खरंच स्टूल आलं. आमच्यातली एक तरुण बाई त्यावर चढली, एका हाताने भिंत धरली, दुसऱ्याने साडी सावरली आणि पाय वर केला. बाहेर टेंपोवाले उभे होते, ते बघत राहिले. मशीन म्हणालं थँक यू. मी तिला नावं ठेवत नाही, तिलाही कायम व्हायचं होतं. मी मात्र चढले नाही. मॅनेजरला म्हटलं, "मी हाताने काम करते."

एप्रिलमध्ये यादी लागली. कायम झालेल्यांत कटाईची एकही बाई नव्हती. पाय वर करणारीही नाही. प्रत्येकीला मुंबईहून पत्र आलं होतं. आपली उपस्थिती समाधानकारक नसल्याने आपला विचार करता येत नाही. खाली बारीक अक्षरात, हे पत्र संगणकावर तयार केलेले असल्याने सहीची आवश्यकता नाही. मॅनेजरने एक कागद पुढे सरकवला. "पत्र मिळाल्याची सही करा, मावशी."

"पाठवणाऱ्याची नाही, मग माझी कशाला?"

"नियम आहे."

मी केली नाही. पत्र त्याच्या टेबलावर ठेवून परत कापायला बसले. बाकीच्यांनी केली, शेजारणीनेही. पावसात कारखाना बंद पडला. श्रावणात उघडला तेव्हा शेजारणीला बोलावणं आलं, मला नाही. सही न केल्यामुळे, की वयामुळे, की कुठल्या खात्यातून नाव गळलं, देव जाणे.

मी गेले विचारायला. मॅनेजर बदलला होता. नवा त्याच्याहून तरुण आणि त्याच्याहून गोड. कॉम्प्युटरमध्ये बघून म्हणाला, "आजी, मागच्या सहा महिन्यांत तुम्ही आलेल्याच दिसत नाही." यादी कोणी केली विचारलं तर म्हणाला, वरून आली. वर कोण? त्याने खरंच आठवून बघितलं. त्याला माहीत नव्हतं.

रिक्षा उभी होती तरी मी चालतच घरी आले, बसवेना एवढा राग होता. नवरा पडवीत जाळं विणत बसला होता.

"काय सांगल्यानी?"

"थंय कोण नाय."

"मॅनेजर नाय होतो?"

"होतो," मी म्हटलं. "पण कोण नाय."