जयवंतच्या बापाचा हिशोब

जयवंत तांडेलकडे तोंडी तक्रार चालत नसे. बोईसरच्या कारखान्यात संगणक विभागात आम्ही शेजारी बसायचो. दांडी गावच्या मच्छीमारांसाठी त्याने भरती-ओहोटीच्या वेळा सांगणारं ॲप केलं होतं. चहाला कोणी म्हणालं, "तुझं ॲप चुकतं हां," की हा कप खाली ठेवून विचारी, "लिवलंस काय? हितं बोलून काय उपेग? काय दिसलं ते ॲपच्या पानावर लिव. चार जन वाचतील."

ॲपचा कोड सगळ्यांना खुला होता. कोणीही वाचावा, दुरुस्ती करून पाठवावी. ती आत घ्यायची की नाही, हे जयवंत ठरवी. आमच्याच किनाऱ्यावरच्या माहीमच्या वाडीतल्या सुषमा राऊतने पहिल्यांदा काय पाठवलं, तर उन्हात दिसतील अशी गडद अक्षरं. जयवंतने तिचं नाव घेऊन जाहीर आभार मानले. मी म्हटलं, "एवढ्याशा कामाचं एवढं कौतुक?"

"नवा खलाशी पयल्या दिवशी सुकानू धरतो काय? पयलं पानी उपसतो. ही उपसाय आलीय, टिकंल."

टिकली, आणि थेट ॲपच्या काळजालाच हात घातला. जयवंतचे वडील तिथीवरून भरतीची वेळ काढत. ते गेल्यावर त्याने तो हिशोब जसाच्या तसा कोडात उतरवला होता. सुषमाने लिहिलं, हा हिशोब अष्टमीच्या आसपास चुकतो, काढून टाकावा. सोबत तिने केलेला नवा हिशोब. जयवंत चिडला नाही. अष्टमीच्या सुमारास आलेल्या सुट्टीच्या दिवशी दोघांनी खाडीच्या तोंडाशी बांबू रोवून पाणी मोजलं. तिचंच बरोबर निघालं.

तरी दुरुस्ती आत घ्यायच्या बटणाकडे याचा हात जाईना. इकडे लोक त्याच चुकीच्या वेळा पाहून होड्या काढत होते. मला त्याची कीव आली आणि रागही. एका रविवारी त्याच्या घरी गेलो, तेव्हा ओट्यावर आई बोंबील निवडत होती. माझ्यादेखत त्याने तिला विचारलं, "आई, बाबांचा हिशोब काडून टाकायचा म्हनतात."

"मंग काड की," ती मान वर न करता म्हणाली. "तुजा बापूस सोताच त्या हिशोबापायी गाळात रुतायचा. घरी येऊन म्हनायचा, कोनाला सांगू नको."

जयवंत हसत सुटला, मग डोळे पुसले आणि सुषमाची दुरुस्ती आत घेतली.

जयवंत वारला, त्याला आता वर्ष होईल. ॲप सुषमा सांभाळते. परवा कोणा अनोळखी माणसाने जयवंतने लिहिलेला एक भाग चुकीचा असल्याचं दाखवून दिलं. तिने तो तपासला आणि काढून टाकला.