देवाविना दृष्ट

नवरा गेला तेव्हा सगुणाबाईनं देव बोचक्यात बांधून माळ्यावर टाकले आणि देव्हाऱ्यात कांदे ठेवले. तरी चौऱ्याहत्तर सालच्या कुरुळीत पोर किरकिरलं की दृष्ट काढायला आया तिच्याच दारात यायच्या. मेकॅनिक हनीफची बायको कमरुन्निसा लेकीला घेऊन आली आणि तिला राहवलं नाही.

“मावशी, तुम्ही देव मानत नाही, मग ओवाळताना नाव कुणाचं घेता?”

“पोरीचंच. तिच्याकडं बघत, तिचंच नाव घेत ववाळायचं. आपल्यासाठी कुणी बसलंय, हे लेकराला कळतं. त्याला देव कशाला?”

मीठ-मोहरी चुलीत तडतडली. पोर रडं विसरून तिकडंच बघत राहिली.

सगुणाबाईनं उरलेली मोहरी कमरुन्निसाच्या पदरात घातली.

“उद्यापासून तूच काढ. तुझा देव असला, तरी अडत न्हाई.”