आफियाचे बूट

माझ्या अँब्युलन्समध्ये आजवर कितीतरी शिकाऊ पोरं बसली आणि उतरली, पण बुटांवरून बोलणी खाणारी आफिया एकटीच. मी निवृत्ती, ड्रायव्हर. माझा स्वभाव तिरसट आहे असं घरचे म्हणतात, आणि ते खरंच आहे.

आफिया जुन्या नाशकातली. वडील निसारभाई शिवणकाम करतात. आई ताहेराभाभी एरवी गोड बाई, पण उंबऱ्याच्या आत चप्पल आली की पाहुण्यालाही सोडत नाहीत. अशा घरातली ही मुलगी बारावीनंतर अँब्युलन्सच्या कोर्सला आली. नाडी, श्वास, बँडेज, सगळं तोंडपाठ. पहिल्याच कॉलला मी गाडी दारात लावली, तिला शिकवणाऱ्या सृष्टी मॅडम बॅग घेऊन आत धावल्या, आणि ही उंबऱ्यापाशी बसून बुटांच्या नाड्या सोडतेय!

"अगं, लग्नाला आलीयेस का?" मी ओरडलो.

"मामा, लोकांचं घर आहे ना!"

पेशंटला बाहेर आणताना बूट घालायला वेळ कुठला? अनवाणीच तिने स्ट्रेचर धरलं, अंगणातल्या खडीवर पाय पडला, "अम्मी!" म्हणून किंचाळली आणि स्ट्रेचर कललं. पाय मोडलेले ते गृहस्थ जे काही बोलले ते इथे लिहिता येणार नाही. मॅडमनी वेळेवर सावरलं म्हणून निभावलं. आफिया तशीच अनवाणी हॉस्पिटलात गेली आणि तिचे बूट आणायला मला परत जावं लागलं.

पुढच्या आठवड्यात पुन्हा तेच. सवय म्हणजे सवय, हात आपोआप नाड्यांकडे जायचा. मॅडमनी गाडीतच सुनावलं, "पुन्हा बूट काढलेस तर गाडीवरचं ट्रेनिंग बंद. वॉर्डात पाठवीन."

त्या दिवशी मी तिला टपरीवर चहा पाजला. "वॉर्डात काय वाईट आहे? डोक्यावर पंखा असतो."

"वॉर्डात माणूस आपल्याकडे येतो, मामा. मला त्याच्याकडे जायचंय." एवढं म्हणून ती रडायला लागली. मी तिसरीकडे बघत बसलो. खोटं कशाला सांगू, मला पोरीची काळजी वाटायला लागली होती.

मग एका सोमवारी सकाळी हरसूलच्या अलीकडच्या एका वाडीतून फोन आला. म्हातारी पडली आहे, बोलत नाही. स्ट्रेचर धरायला मीही मागोमाग उतरलो. घर सारवून लख्ख केलेलं. सगुणाबाई, त्या घरातल्या आजी, थेट देवघरात आडव्या झालेल्या. पडताना हात लागून देवाची तसबीर खाली आली होती आणि काचा सगळीकडे पसरल्या होत्या. सून चंद्रभागा दारातच आडवी उभी. "बूट काढा हो, देवघर हाय!"

आफिया थबकली. तिचा चेहरा मला दिसत होता. परकं घर, त्यात देवघर, आणि पायांत बूट. तिचा हात खाली गेलासुद्धा. मॅडम एक पाऊल मागेच राहिल्या, मुद्दामच.

"माफ करा, काकू," आफिया म्हणाली आणि सुनेच्या बाजूने आत शिरली. बुटांखाली काचा करकरल्या. तिने आजींना कुशीवर वळवलं, श्वास पाहिला, बोट टोचून साखर तपासली. "मॅडम, साखर खूप खाली गेलीय!" आजींनी सकाळी मधुमेहाची गोळी घेतली होती आणि सोमवारचा उपास म्हणून पोटात काहीच नव्हतं. मॅडमनी शिरेतून ग्लुकोज सोडलं. आफिया हात धरून "आजी, ओ आजी" करत राहिली. चंद्रभागा आता बुटांचं विसरून रडत होती.

थोड्या वेळाने आजींनी डोळे उघडले. वर पाहिलं, खाली पाहिलं, आणि कपाळाला आठ्या घातल्या.

"देवापुढं बूट घालून कोण आलंय गं? लाज नाय वाटत?"

आफिया हसायला लागली, हसता हसता रडायला लागली. "शुद्धीवर आल्या, मामा! ओरडतायत!" एखाद्याने पेढे वाटावेत तशी ती सगळ्यांना सांगत सुटली. हॉस्पिटलापर्यंत आजी तिला वळण शिकवत होत्या आणि ही मान डोलवत ऐकत होती. तिचं गाडीवरचं ट्रेनिंग अर्थातच चालू राहिलं.

महिन्याभराने त्याच रस्त्याने रिकामी गाडी घेऊन परतत होतो. आफियाने हट्टच धरला, आजींना बघून जाऊ. सगुणाबाई ओट्यावर वाल सोलत बसल्या होत्या. तिला बघताच उठल्या.

"ये गं बाय, ये आत. तू घालून ये बूट. तुला कोण बोलत नाय."

आफिया उंबऱ्यापाशी बसली आणि सावकाश, एकेक करून नाड्या सोडायला लागली.

"नको, आजी. आज मी पाहुणी आहे."