पाच लाख दहा हजार पाचशे अकरा

बाळांनो, अकोल्याला माझ्या बहिणीच्या इमारतीत जाळीच्या दरवाजांची जुनी लिफ्ट आहे. या उन्हाळ्यात, भर दुपारी, मी तिच्यात अडकले. सोबत नांदगाव खंडेश्वरकडची माझ्याच वयाची एक बाई होती. तिची लेक पाच दिवसांची बाळंतीण, चौथ्या मजल्यावर बाळासोबत एकटी. ही दूध घ्यायला दहा मिनिटं खाली उतरली होती.

वीज गेली आणि लिफ्ट मधेच थांबली. तिसऱ्या मजल्याची फरशी आमच्या छातीशी आली होती. वर माणूस आडवं होऊन सरकेल एवढी फट. वॉचमन जनरेटर लावतोय, हलू नका, असं कोणीतरी वरून ओरडलं. तिने मात्र आतली जाळी सरकवून बाहेरच्या कडीला हात घातला. दार उघडं असलं तरी ही लिफ्ट चालते, हे बहिणीने मला कितीदा बजावलं होतं. ही अर्धी बाहेर असताना वीज आली तर? मी तिला मागे ओढलं.

"कावून धरून राहिल्या मले? पोरगी एकटी हाय वर."

थांबावं लागलं की समोरचा आकडा फोडत बसायची मला शाळेपासून सवय आहे. लिफ्टच्या पितळी पट्टीवर तिचा नंबर ५१०५११ कोरला होता. "याला कशाने भाग जातो, सांगा बघू," मी म्हटलं.

मी मोठ्याने सुरू केलं. दोन, तीन, पाच, सात, अकरा. दर वेळी बाकी एक. तेरा आणि सतरा कसेबसे केले, तरी एकच. (का, ते घरी आल्यावर कळलं: या सातही संख्यांचा गुणाकार पाच लाख दहा हजार पाचशे दहा होतो.) "मूळ संख्या दिसते. कशानेच भाग जाणार नाही," मी जाहीर केलं.

"एकोनीस घेतले का?"

"आमच्या कॉन्व्हेंटमध्ये पाढे बारापर्यंतच होते."

"बाराच? मंग तेरावा आला का घरी पळत होत्या काय?" ती पहिल्यांदाच खाली बसली. तिसरीत शाळा सुटलेली, पण तिसापर्यंतचे पाढे बापाने पाठ करून घेतलेले. एकेक आकडा खाली घेत ती पुटपुटत गेली, शेवटी एकशे एकाहत्तर उरले. "एकोनीस नवे एकाहत्तरासे. बसला पुरा."

उत्तर सव्वीस हजार आठशे एकोणसत्तर. माझी चूक मी कबूल केली. पण वीज काही आली नव्हती, आणि माझ्याजवळ दुसरा आकडा नव्हता.

ती उठली. "झालं ना तुमचं गनित? आता जाऊ द्या, बाई." कडी उघडली, कोपर फरशीवर टेकवलं. मी तिचा पदर दोन्ही हातांनी धरून सगळ्या वजनानिशी खाली बसले. ती माझ्या अंगावर कोसळली, दुधाची पिशवी फुटली, आणि त्याच वेळी लिफ्ट हिसका देऊन वर निघाली. तिसऱ्या मजल्याचं उघडं दार आमच्या डोळ्यांदेखत खाली सरकलं आणि त्याची चौकट लिफ्टच्या फरशीशी मिटली.

चौथ्या मजल्यावर बाळाचं रडणं ऐकू आलं. "पदर सोडा, बाई," ती हळूच म्हणाली. माझी मूठ उघडेना. तिनेच माझं एकेक बोट सोडवलं.