जेवलासा का, असं विचारणारी फाईल

आकाराम सर संगणकांच्या प्रयोगशाळेत कुणावर रागावले, की खाली सायकल स्टँडवरचा माणूस मान वर करून बघायचा. सर कबनूरचे. घराच्या मागेपुढे यंत्रमाग, त्यामुळे घरात बोलायचं म्हणजे ओरडायचंच. ती सवय त्यांनी कोल्हापुरात, आमच्या कॉलेजच्या गणित विभागातही आणली. मी राजारामपुरीतली, खडू पडला तरी दचकणारी. मला त्यांच्या खोलीच्या दाराशेजारचं टेबल मिळालं तेव्हा पहिले काही दिवस माझं डोकं ठणकायचं. आज त्याच आवाजाची फार आठवण येते, हे आधीच सांगून टाकते.

सत्त्याण्णव-अठ्ठ्याण्णव साल असेल. तेव्हा आमच्या संगणकांवर नुसता काळा पडदा असायचा. गणिताचा प्रोग्राम सुरू करायचा, सरांनी लिहिलेल्या फाईलचं नाव टाईप करायचं, की पुढचे आलेख आणि समीकरणं तयार. पण त्याआधी पडद्यावर इंग्रजी अक्षरांत एक ओळ उमटायची: 'या पावणं. जेवलासा का?' आणि फाईल तिथेच थांबायची. 'व्हय' लिहिलं तर पुढे जायची. 'न्हाय' लिहिलं तर 'मग माझ्याकडं या' एवढं सांगून सगळं बंद.

मला ती सरांची चेष्टा वाटली. मग एक दिवस संघप्रिया नावाच्या पहिल्या वर्षाच्या मुलीचा पडदा बंद झाला. ती गावाकडून पहिल्या एसटीनं यायची. कुणी बघत नाही ना, याची तिनं खात्री करून घेतली, उठली आणि सरांच्या खोलीत गेली. अख्ख्या कॉलेजाला ऐकू जाणारा हा माणूस एक शब्द बोलला नाही. नुसता डबा तिच्यापुढे सरकवला आणि स्वतः खिडकीबाहेर बघत बसला. भाकरी, खर्डा, कांदा. झुंबरबाई, म्हणजे सरांच्या घरच्या, दोन भाकरी रोज जास्तीच्या घालायच्या.

मला राहवलं नाही. म्हटलं, "सर, तोंडानं विचारायला काय होतं? तुमचा आवाज तर गंगावेशीपर्यंत जातो."

"म्हणून तर इचारत न्हाय," सर म्हणाले. "मी शिकत हुतो तवा बोर्डिंगच्या मास्तरांनी सगळ्यांम्होरं इचारलं, आकाराम, जेवलास का रं? सगळी पोरं माझ्याकडं बघाय लागली. व्हय म्हटलं, आन दिवसभर उपाशी बसलो. मशीनला न्हाय म्हणाय कसली लाज?"

त्यानंतर मी त्या ओळीला हसले नाही.

दोन हजार सातमध्ये नवे विभागप्रमुख आले आणि त्यांच्याबरोबर नवा थाट आला. आता गणित काळ्या पडद्यावर नाही, इंटरनेटच्या खिडकीत करायचं. त्या खिडकीला सगळे 'वही' म्हणू लागले. वहीत लिहिलेलं पुसता यायचं, आलेख रंगीत यायचे. मला तर ती भारी आवडली. फक्त सरांची फाईल तिथे चालेना. काळ्या पडद्यावर जी शहाण्यासारखी प्रश्न विचारून थांबायची, तीच वहीत चढवली की नुसती लटकायची. प्रश्न दिसायचा नाही आणि उत्तर लिहायला जागाही नसायची.

"गणिताच्या फाईलीत जेवणाचं काय काम?" विभागप्रमुख म्हणाले. त्यांनी ती ओळ काढून टाकली आणि फाईल वहीच्या फोल्डरमध्ये ठेवली. सगळं सुरळीत सुरू झालं. सरांनी ते होऊ दिलं, याचा मला रागच आला.

आठवडाभरानं सर माझ्या टेबलाशी आले. "डबा भरल्याला माघारी जातोय," म्हणाले. "घरात इचारत्यात, आता सगळी पोरं जेवून याय लागली व्हय?" एवढ्या हळू आवाजात बोलताना मी त्यांना पहिल्यांदाच ऐकलं. एसटी तीच होती, पोरं तीच होती. फक्त त्यांना कुणी विचारत नव्हतं.

सोमवारी सगळ्या वह्या एका सुरात सांगू लागल्या, की फाईल सापडत नाही. विभागप्रमुख धावत आले. सर खिडकीजवळच्या जुन्या मशीनपाशी उभे होते. त्यावर काळा पडदा, आणि पोरांची रांग. पोरांच्या पाठींआड मला जुनीच ओळ दिसली: 'जेवलासा का?'

"साहेब, वही हुडकती ती तिच्याच फोल्डरात," सर म्हणाले. "ह्यो काळा पडदा हुडकतो जिथं उभा हाय तिथं. तवा आदी हितं फाईल चालवायची, मग ती ज्याच्या त्याच्या वहीत जाती."

यातला शब्द न् शब्द खरा होता. वहीच्या फोल्डरमधली फाईल कुणी उचलली, तेवढं सरांनी गाळलं.

"रोज असं करायचं?"

"रोज. चालतंय की."

"वहीत कायमची नाही ठेवता येत?" हे विभागप्रमुखांनी मला विचारलं, कारण विभागात ही वही मीच बसवली होती. सर माझ्याकडे बघत होते. मी म्हटलं, "तपासावं लागेल, साहेब. जरा किचकट आहे." नंतर कुणी तपासलं नाही. मीही नाही. त्या दिवशी सरांचा डबा रिकामा घरी गेला.

पुढच्या वर्षी सर निवृत्त झाले. निरोपाच्या भाषणात माईक बंद पडला आणि कुणाच्याच ते लक्षात आलं नाही. जाताना डबा टेबलावर राहिला. मी तो घेऊन जिन्यापर्यंत धावले. सर म्हणाले, "ऱ्हाऊ दे की तितंच," आणि उतरून गेले.

जूनमध्ये त्या खोलीत मी बसायला आले. पहिल्या प्रॅक्टिकलच्या सकाळी दारात एक मुलगी उभी राहिली, नाव क्रांती. पायातल्या चपलांना अजून गावाकडचा चिखल होता.

"मॅडम, खिडकीजवळचं मशीन म्हणतंय, माझ्याकडं या," ती म्हणाली. "म्हंजी कुणाकडं जायाचं?"

माझ्या भाकरीला सरांच्या घरच्या भाकरीची सर नव्हती. एका बाजूनं करपली होती, दुसरीकडून जाड झाली होती.

"माझ्याकडं," मी म्हटलं, आणि डबा तिच्यापुढे सरकवून खिडकीबाहेर बघत बसले.