हातचं उरकून निघ

ऑफिसात मी सहसा कुणावर ओरडत नाही. त्या दिवशी मात्र नव्याने लागलेल्या मुलीवर ओरडलो. आमच्या प्रोग्रामात बरेच थ्रेड असायचे, म्हणजे एकाच वेळी चालणारी वेगवेगळी कामं. सामाईक माहितीला हात लावण्याआधी थ्रेडने तिचं कुलूप ताब्यात घ्यायचं, काम झालं की सोडायचं. हिने ‘रद्द करा’ दाबताच थ्रेड जागच्या जागी मारून टाकायची सोय केली होती. कुलूप मेलेल्याच्या हातात राहिलं आणि बाकीचे थ्रेड ताटकळत बसले.

“थांबवायचं म्हणजे मारायचंच ना, सर?”

“नाही! थांब म्हणून फक्त सांगायचं. हातचं उरकून, कुलूप सोडून तो आपला आपण निघेल!”

ती रडवेली झाली. खरं तर मी तिच्यावर ओरडतच नव्हतो. चोराच्या मनात चांदणं, दुसरं काय.

नव्वदच्या दशकातली गोष्ट. कळमनुरी तालुक्यातल्या आमच्या गावी विहीर आमची आणि काकांची सामाईक होती. मोटारीच्या स्टार्टरला लोखंडी पेटी, पेटीला कुलूप आणि किल्ली एकच. ज्याची पाळी त्याच्या खिशात किल्ली. भिजवणं झालं की ती बांधावरच्या बाभळीला अडकवायची. मी हळदीला पाणी देत होतो, तेवढ्यात काका ओरडत आले, “नोकरीचा कागद आला तुहा! उद्याच बोलावलंय. जीप हुभी हाय, असशील तसा निघ!”

मोटार बंद केली, पेटीला कुलूप घातलं आणि चिखलाच्या पायांनी वारंगा फाट्याची जीप धरली. किल्ली खिशात सापडली ती पुण्यात. एखाद्या एसटीच्या ड्रायव्हरजवळ ती पाठवता आली असती. नव्या नोकरीच्या तोऱ्यात मी ते उद्यावर ढकललं.

मग वडिलांचं पत्र आलं. हळद सुकायला लागली म्हणून काकांनी पहारीने पेटी फोडली. आत वीज चालू होती. उजव्या हाताची दोन बोटं गेली. ‘काका म्हणतात, किल्ली चिखलात पडली असेल,’ असं शेवटी लिहिलं होतं. मी ते तसंच राहू दिलं, वर्षानुवर्षं. फार भित्रा होतो मी.

त्या मुलीला रडवल्यावर आलेल्या दिवाळीत गावी गेलो आणि ओसरीवर बसलेल्या काकांना सांगून टाकलं, “काका, किल्ली माझ्या खिशात होती.”

“ठाव हाय. बाभळीला न्हाई दिसली तवाच कळलं.”

“मग बोलला काहून न्हाई?”

“कोन्या तोंडानं बोलू? असशील तसा निघ म्हणून वरडलो मीच. हातचं उरकून निघ म्हणलो असतो, तर तू किल्ली अडकवूनच गेला असता.”

मला रडू फुटलं. काकांनी तीन बोटांचा हात पुढे केला.

“आन ती किल्ली आता इकडं.”

मी खिशात हात घातला.