डावा हात
तापलेल्या धुळीचा वास आला की लाखनीच्या कॉलेजातली प्रयोगशाळा आठवते. तिथल्या जुन्या हाय व्होल्टेज पेटीजवळ आमचे वयस्कर परिचर डावा हात नेहमी खिशात ठेवत. मी नवी शिक्षिका. "साडीले खिसा नाही त हात पदरात खोचा, मॅडम," ते म्हणत. "दोन्ही हात लागले का वीज छातीतून जाते. अन् बंद केल्यावरही दांडा लावल्याबिगर शिवाचं नाही, वीज आत बसून राह्यते." आत उरलेली वीज उतरवायला जमिनीत गेलेली तार बांधलेला तो लाकडी दांडा. एकदा ते चालू पेटी उघडून तपासत असताना तिचं लोखंडी झाकण माझ्या अंगावर कलंडलं आणि ते धरायला त्यांचा डावा हात खिशातून बाहेर आला. ते कोसळले, बोटं पेटीतल्या तारेवरच राहिली. मी मेन स्विच पाडला. समोर माणसाचे ओठ निळे पडत होते आणि मला त्याला शिवता येत नव्हतं, कारण दांडा सापडतच नव्हता! मी टेबलांखाली रांगत, रडत, देवाला शिव्या देत शोधत होते. अखेर सापडला, लावला, फाटकन ठिणगी उडाली, तेव्हा कुठे त्यांना ओढलं. बऱ्याच वेळाने त्यांनी डोळे उघडले. "दांडा लावताना डावा हात कुठं होता, मॅडम?" "पदरात," मी म्हणाले. "मंग बरं." त्यांची ती बोटं पुन्हा कधी नीट वळली नाहीत. आजही साधा बल्ब बदलताना माझा डावा हात पदरात जातो, आणि त्यांचा खिशातून बाहेर येताना दिसतो.